युगांची पट्टी, विस्मृत संशोधकांची कार्डे : एका संचाचे परीक्षण

पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून कापडी पाठ लावलेल्या दोन लांब पट्ट्या निघतात; सोबतच्या पेटीत ४८ कार्डे, ती अडकवण्यासाठी बारीक चिमटे आणि एक पुस्तिका आहे. पहिल्या पट्टीवर पुराणांतील चार युगे प्रमाणबद्ध आखली आहेत. दुसऱ्या पट्टीवर कलियुगाच्या आरंभापासून आजपर्यंतची वर्षे मांडली असून, ज्या संशोधकाचे जे साल त्या ठिकाणी त्याचे कार्ड अडकवावे, अशी योजना आहे. शालेय पुस्तकांत ज्यांना जागा मिळाली नाही, किंवा मिळाली ती एखाद्या ओळीपुरतीच, अशा भारतीय संशोधकांना भारतीय कालगणनेच्या चौकटीत बसवून दाखवणे हा हेतू पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर नोंदवलेला आहे. हेतूविषयी तक्रार नाही, आणि कार्डे तर अपेक्षेपेक्षा पुष्कळच सरस आहेत. अडचण आहे ती चौकटीची, आणि ती किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

पहिल्या पट्टीचे माप मात्र मोठ्या कल्पकतेने ठरवले आहे. एक मिलिमीटर म्हणजे एक हजार वर्षे. त्यामुळे १७,२८,००० वर्षांचे कृतयुग (म्हणजे सत्ययुग) १७२.८ सेंटीमीटर, १२,९६,००० वर्षांचे त्रेतायुग १२९.६ सेंटीमीटर, ८,६४,००० वर्षांचे द्वापर ८६.४ सेंटीमीटर आणि ४,३२,००० वर्षांचे कलियुग ४३.२ सेंटीमीटर, अशी ४३,२०,००० वर्षांच्या महायुगाची पट्टी बरोबर ४ मीटर ३२ सेंटीमीटर भरते. नुसते आकडे वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते भिंतीवर पाहताना शिरते. पारंपरिक गणनेप्रमाणे इसवी सनापूर्वी ३१०२ हे कलियुगाचे आरंभवर्ष धरले, तर आजवर सरलेला कलीचा भाग पाच मिलिमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा होतो, आणि मोहेंजोदडोच्या गटारांपासून खिशातल्या मोबाइलपर्यंतचे सारे तंत्रज्ञान त्या दाण्यात मावते. पूजेच्या संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे’ असे म्हणणाऱ्या घरांत ही पट्टी जाणार असेल, तर तेथे एक गणित आणखी द्यायला हवे होते. याच मापाने एक हजार महायुगांचा कल्प आखायचा, तर पट्टी ४ किलोमीटर ३२० मीटर लांब करावी लागेल. पुस्तिकेत कल्पाचा नुसता उल्लेख आहे, त्यामुळे महायुग हेच काळाचे सर्वांत मोठे माप असा वाचकाचा समज होण्याची शक्यता आहे.

घोटाळा सुरू होतो तो दुसऱ्या पट्टीपासून. येथे एक मिलिमीटर म्हणजे दोन वर्षे, आणि इसवी सन ४९९ च्या खुणेला आर्यभटाचे कार्ड येते. साल बरोबर आहे. कलियुगाची साठ गुणिले साठ वर्षे सरली तेव्हा आपल्या जन्माला २३ वर्षे झाली होती, असे आर्यभटानेच लिहून ठेवले आहे, आणि त्यावरूनच त्याचा जन्म ४७६ चा ठरतो. पण त्याच श्लोकात तो तीन युगपाद, म्हणजे महायुगाचे तीन चतुर्थांश, सरल्याचे सांगतो, आणि त्याच्या गणितात हे चारही पाद सारखे, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे आहेत. चार, तीन, दोन, एक हे उतरते प्रमाण त्याने स्वीकारलेलेच नाही. ही विभागणी स्मृतींना धरून नाही, असा आक्षेप ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्याच्यावर घेतला. म्हणजे आर्यभटाचे कार्ड ज्या पट्टीच्या शेजारी टांगायचे, ती पट्टी खुद्द आर्यभटाला मान्य झाली नसती. संचात ब्रह्मगुप्ताचेही कार्ड आहे, आणि तरीही दोघांमधल्या या वादाचा एक शब्द दोन्ही कार्डांवर नाही. हा वाद गाळून निर्मात्यांनी हाती आलेली मोलाची गोष्ट दवडली आहे, कारण युगांची लांबी हा आपल्याकडे कायमचा गोठलेला आकडा नव्हता, ग्रहांचे भगण, म्हणजे आकाशातील फेऱ्या, पूर्ण संख्यांत बसावेत म्हणून गणिती लोक वापरत असलेले ते एक साधनही होते, हे या एका वादातून लहान मुलालासुद्धा समजावून देता आले असते.

पुस्तिकेने याहून मोठा गोंधळ घातला आहे. एका प्रकरणात ती योगानंदांचे गुरू श्रीयुक्तेश्वर गिरी यांची मांडणी स्वीकारते. कलियुगाची मूळची १२०० वर्षे साधी होती, पुढे ती दिव्य, म्हणजे देवांची, वर्षे समजून ३६० ने गुणली गेली, आणि युगांचे चक्र १२,००० वर्षे उतरते व १२,००० वर्षे चढते असे असते, हे मत त्यांनी १८९४ मध्ये मांडले. त्या हिशेबाने चढत्या कलियुगाचा शेवट इसवी सन १७०० च्या आसपास झाला आणि वीज, वाफ वगैरेंचे शोध हे चढत्या द्वापराचे लक्षण ठरते. मत म्हणून ते जाणून घेण्यासारखे आहे. परंतु भिंतीवरच्या पट्टीनुसार कलियुगाची अजून सव्वाचार लाखांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत आणि पुस्तिकेनुसार ते तीन शतकांपूर्वीच संपले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पेटीत घालताना कोठेतरी एक वाक्य लिहून खुलासा करणे आवश्यक होते. तसा खुलासा नाही. वाचकाने विचारू नये, असेच जणू गृहीत धरलेले आहे.

पट्टीच्या वरच्या कडेला धर्मरूपी बैल काढला आहे. कृतयुगात तो चार पायांवर उभा आहे आणि पुढे प्रत्येक युगात एकेक पाय गळत कलीमध्ये एका पायावर येतो. चित्रकाराची रेषा सुरेख आहे, विशेषतः द्वापरातल्या बैलाचा तोल सावरण्याचा प्रयत्न. खालच्या कडेने तंत्रज्ञानाचा म्हणून एक लाल बाण सारखा वर चढत जातो. ही जोडी पाहताक्षणी पटते आणि तेथेच फसवते. युगांचा उतार परंपरेने सांगितला तो धर्माचा, आयुर्मानाचा, स्मरणशक्तीचा. अवजारांचा आलेख म्हणून तो कोणी काढलेला नव्हता. शिवाय कली म्हणजे केवळ ऱ्हास, हे परंपरेचेही एकमत नाही. विष्णुपुराणात गंगेत स्नान करणारे व्यास कलियुगाला ‘साधु’ म्हणतात, कारण कृतयुगात दहा वर्षांनी जे साधते ते त्रेतात एका वर्षाने, द्वापरात एका महिन्याने आणि कलीत एका अहोरात्रात साधते. महाभारताच्या शांतिपर्वात काळ राजाला घडवतो की राजा काळाला, अशी शंका काढून ‘राजा कालस्य कारणम्’ असा निर्वाळा दिलेला आहे. ऐतरेय ब्राह्मणात तर झोपलेला तो कली, जागा होऊ लागलेला तो द्वापर, उठून उभा राहिलेला तो त्रेता आणि चालू लागलेला तो कृत, असे म्हणून चारही युगे एकाच माणसाच्या अंगी लावून दाखवली आहेत. संशोधकांच्या कार्डांशेजारी शोभेल असे याहून चांगले वचन सापडणे कठीण आहे. पुस्तिकेत ते नाही.

पुस्तिकेत आहे ते असे विधान की कलियुगाच्या प्रभावाने समाजाची स्मृती क्षीण होते आणि म्हणून आपण आपले संशोधक विसरलो. या एका विधानाचे खंडन संचातीलच कार्डे इतक्या नेमकेपणाने करतात की कार्डे लिहिणारी व्यक्ती आणि पुस्तिका लिहिणारी व्यक्ती वेगवेगळ्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

अजिजुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे जोडकार्ड पाहावे. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांची जगातील पहिली कचेरी सुरू झाली, आणि तेथील वर्गीकरणाची पद्धत जगभर एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने चालली. कार्डाच्या मागच्या बाजूला ती पद्धत प्रत्यक्ष करून पाहता येते. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. ज्या बोटावर चक्र असेल त्याला पहिल्या जोडीत १६, पुढच्या जोड्यांत अनुक्रमे ८, ४, २ आणि १ गुण द्यायचे, चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण अंशात जातात, दुसऱ्याचे छेदात, आणि दोन्ही बेरजांत शेवटी एकेक मिळवायचा. अंश ३२ प्रकारचा, छेद ३२ प्रकारचा, म्हणून एकूण खाने १,०२४. हजारो ठशांच्या ढिगातून एक माणूस हुडकण्याऐवजी पोलिसाने आता एकच खाना उघडायचा. घरातल्या मुलांना शाईच्या पॅडवर बोटे टेकवून आपापला खाना काढण्यात जी मौज वाटते, ती उरलेल्या सत्तेचाळीस कार्डांत मिळून वाटणार नाही. या गणिती मांडणीत हक यांचा वाटा मोठा होता, आणि बोस यांनी ठसे तारेने कळवण्यासाठी संकेतपद्धती तयार केली. सरकारने एकाला खानबहादूर, दुसऱ्याला रायबहादूर केले, पद्धतीचे नाव मात्र हेन्रींचेच राहिले. येथे कली कोठेच दिसत नाही. वरिष्ठाच्या सहीने अहवाल वर जातो आणि सही ज्याची त्याचे काम, हा कचेरीचा जुना शिरस्ता तेवढा दिसतो.

ज्याच्यावर नावच नाही, ते कार्ड मला संचातले सर्वोत्तम वाटले. नावाच्या जागी ‘अज्ञात, जावर’ एवढेच छापले आहे. राजस्थानातील उदयपूरजवळच्या जावरला मध्ययुगात जस्त मोठ्या प्रमाणावर तयार होत असे. जस्त काढणे का अवघड, हे कार्ड चार ओळींत सांगते: जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, आणि खनिजातून ते मोकळे व्हायला त्याहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे भट्टीत जस्त द्रवरूपात हाती न येता वाफ होऊन निसटते आणि हवा लागताच पुन्हा भस्म होते. जावरच्या कारागिरांनी मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या टांगल्या, वाफेला खाली उतरायला लावले आणि भट्टीच्या तळाशी, थंड बाजूला, ती धरली. एका भट्टीत अशा ३६ मुशी असत. रसशास्त्राच्या, म्हणजे जुन्या रसायनविद्येच्या, ग्रंथांत या मुशीला वृंताकमूषा (वृंताक म्हणजे वांगे) असे नाव आहे. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने वाफ खाली उतरवून जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. जावरची माणसे कोण होती, हे विसरले गेले असेही म्हणता येत नाही, कारण ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांनी मुशीचे नाव नोंदवले आणि मुशी लिंपणाऱ्याचे नोंदवले नाही. कार्डावर हे भाष्य नाही, केवळ उलट्या मुशीचा स्वच्छ छेद दाखवला आहे. तेवढ्याने काम होते.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल ते कार्ड गणपत कृष्णाजींचे. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करताना छपाईचे तंत्र पाहून त्यांनी स्वतःचा शिळाछापखाना उभारला, शाई स्वतः तयार केली, आणि १८३१ मध्ये, म्हणजे शके १७५३ मध्ये, छापील मराठी पंचांग काढले. धर्मग्रंथांच्या छपाईत चरबीची शाई चालणार नाही म्हणून त्यांनी शाईत तूप वापरल्याचे सांगितले जाते. कलियुगाची किती वर्षे गेली आणि किती उरली, हे आकडे जोशीबुवांच्या हस्तलिखितातून निघून घरोघरी पोहोचले ते अशा छापखान्यांमुळे. यंत्र आणि युग यांची खरी गाठ या एका कार्डात पडते, आणि पुस्तिकेने नेमकी तीच गाठ पाहिलेली नाही. याच ओळीत निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी आणि त्यांच्यासाठी देवनागरी खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचे, ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे जोडकार्ड आहे. मालकाबरोबर ठसे कोरणाऱ्याचेही नाव मोठ्या अक्षरांत छापल्याबद्दल निर्मात्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

शंकर आबाजी भिसे यांच्या कार्डावर मजकूर फार दाटलेला आहे, पण कहाणी सरळ सांगितली आहे. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेला हा माणूस लंडनला गेला, एकाच वेळी अनेक खिळे पाडणारे यंत्र त्याने तयार केले, दादाभाई नौरोजींनी त्याच्यासाठी शब्द टाकला, जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांनी भांडवल पुरवले, आणि तरीही प्रस्थापित यंत्रकंपन्यांच्या बाजारात त्याचे यंत्र टिकले नाही. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. पेटंटे होती, बुद्धी होती, पाठीशी माणसेही होती; कमी पडले ते दीर्घकाळ तोटा सोसणारे भांडवल. डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांचे कार्ड याउलट फार थोडक्यात लिहिलेले आहे, आणि तो संयम योग्यच आहे. जगातील पहिल्या परीक्षानळी-बालकानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, त्यांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात बालिका जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, त्यांची बदली झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ज्यांच्याकडे भारतातील पहिल्या अशा जन्माचे श्रेय होते, त्या टी. सी. आनंदकुमार यांनीच मुखोपाध्याय यांच्या टिपणवह्या अभ्यासून १९९७ मध्ये ते श्रेय त्यांना दिले.

जगदीशचंद्र बोस यांना मात्र विस्मृत म्हणणे ओढूनताणून आहे. ज्यांच्या नावाची संस्था चालते आणि ज्यांचे चित्र विज्ञानाच्या प्रत्येक फलकावर असते, त्यांचे कार्ड काढून तेथे हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांना जागा द्यायला हवी होती. पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, जेणेकरून ती देशातच तयार करता यावीत. संचात स्त्रियांची कार्डे केवळ दोन आहेत, आणि त्यांत त्या नाहीत. ओडिशातील खंडपाड्याचे पठाणी सामंत आहेत, हे चांगले झाले. बांबू आणि लाकडाच्या पट्ट्यांपासून तयार केलेले मानयंत्र घेऊन नुसत्या डोळ्यांनी आकाश मोजणारा हा माणूस १९०४ मध्ये वारला, आणि त्याने बसवलेले गणित जगन्नाथाच्या पंचांगात आजही वापरले जाते.

एक कार्ड मात्र परत घ्यायला हवे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट त्यावर निःशंकपणे छापली आहे आणि आधारासाठी वैमानिकशास्त्राचा हवाला दिला आहे. त्या उड्डाणाचा त्या काळचा खात्रीलायक पुरावा पुढे आलेला नाही. वैमानिकशास्त्र हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असल्याचे आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नसल्याचे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. ज्या संचात जावरच्या मुशीचा छेद आहे, त्यात हे कार्ड बसले की शेजारच्या खऱ्या कामावरही लोक शंका घेऊ लागतात. तळपदे यांचे नुकसानही यातच आहे, कारण त्यांनी प्रत्यक्ष काय करून पाहिले हे शोधण्याची गरज मग कोणाला वाटत नाही.

पुराणांतून कारागीर शोधायचेच होते, तर त्यांना कल्पित विमानांची गरज नव्हती. ऋग्वेदातील ऋभू हे तीन भाऊ मर्त्य कारागीर. त्यांनी देवांचा कारागीर त्वष्टा याच्या एका चमसाचे (सोमपात्राचे) चार चमस केले, अश्विनांचा रथ घडवला आणि कौशल्याच्या बळावर देवत्व मिळवले. सूर्यसिद्धांताच्या आरंभी कृतयुग संपत आले असताना सूर्याकडून ज्योतिषाचे ज्ञान मिळवतो तो मय नावाचा असुर, पांडवांची सभा बांधणाराही मयच. पहिल्या पट्टीवर १७२.८ सेंटीमीटरच्या खुणेला लागून मयाचे एक लहानसे चित्र काढले असते, तर युगांच्या पट्टीला आणि कार्डांना जोडणारा दुवा परंपरेच्या पोटातूनच मिळाला असता.

आता वापराविषयी. १८३१ ते १९७८ हा काळ दुसऱ्या पट्टीवर जेमतेम साडेसात सेंटीमीटर भरतो आणि निम्म्याहून अधिक कार्डे त्यातच येतात, त्यामुळे चिमटे एकमेकांवर चढतात आणि खालची कार्डे वाचता येत नाहीत. कापडी पाठ मजबूत आहे, तरी पट्टीच्या कडा महिनाभरात गुंडाळू लागतात. वरखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या तर हा त्रास टळेल. कार्डांचा कागद जाड, अक्षर मोठे आणि मुद्रणदोष नगण्य आहेत. पूर्ण संचाची किंमत १,४५० रुपये असून कार्डांची पेटी सुटी ६०० रुपयांना मिळते. शाळेच्या ग्रंथालयासाठी किंवा घरासाठी सुटी पेटीच घ्यावी, तळपदे यांचे कार्ड बाजूला काढून ठेवावे, आणि पहिली पट्टी ज्यांना हवी असेल त्यांनी ती ४ मीटर ३२ सेंटीमीटर कागदावर फूटपट्टीने मुलांकडून आखून घ्यावी. दुसऱ्या रंगाने आर्यभटाचे चार समान भागही त्यावरच दाखवता येतील.